ड्रेसिंगवरच्या दोन तारखा

काकांनी पिशवी ट्रॉलीवर ठेवली आणि एकेक बाटली बाहेर काढली. हायड्रोजन पेरॉक्साइड, पोव्हिडोन आयोडिन, क्लोरहेक्सिडिन, स्पिरिट, सिल्व्हर सल्फाडायझिन या चांदीच्या मलमाची ट्यूब आणि शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेली मधाची बाटली. सगळं ओळीनं मांडून म्हणाले, "सिस्टर, यातलं सगळ्यात जालीम कुठलं तेवढं सांगा. नऊ आठवडे झाले, जखम सुकायचं नाव घेत नाही."

एकवीस वर्षं मी ड्रेसिंग करतेय आणि हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो. त्यामागची तळमळ मला कळते. चिघळलेली जखम नुसती दुखत नाही. वास येतो, पांघरुणाला डाग पडतात, माणूस चारचौघांत बसायचं टाळतो. मग जो जे सांगेल ते आणून लावलं जातं. म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं. औषधं वाईट नाहीत, त्यातली बरीचशी मी स्वतः वापरते. पण "जालीम" हा शब्द मनात धरून निवड केली की ती हमखास चुकते.

काकांना म्हटलं, बाटल्यांचं नंतर बघू, आधी पाय दाखवा.

डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटं वर जखम होती. कागदी पट्टी लावून मोजली: ४.२ सेंटिमीटर लांब, ३.१ रुंद. तळाशी पिवळट, बुळबुळीत थर. गॉजनं पुसला तरी हलेना. थराच्या कडेनं जिथे मांस दिसत होतं ते निरोगी लालचुटुक नव्हतं. काळपट लाल होतं आणि गॉज टेकताच भळकन रक्त आलं. कडा मात्र भिजल्यासारख्या पांढुरक्या. काकांची कातडी सावळी. अशा कातडीवर लाली शोधत बसलं तर फसायला होतं, म्हणून मी हाताची मागची बाजू दोन्ही पायांना लावून बघते. डावा पाय जखमेभोवती एका बोटाच्या रुंदीइतक्या अंतरापर्यंत गरम लागत होता, त्यापलीकडे दोन्ही पाय सारखे. मग विचारलं, दुखणं कसंय? "आधी नुसतं हुळहुळायचं. गेल्या आठ-दहा दिवसांपासून ठणकतंय, रात्री झोप नाही."

पुढची सगळी निवड या उत्तरावर ठरली. दुखण्याची जात बदलणं, हात लागताच रक्त येणं, वास वाढणं, स्राव वाढणं, भरत आलेली जखम मध्येच थबकणं. यातल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की जंतू आता नुसते जखमेत बसलेले नाहीत, त्यांनी तिथे संसर्ग मांडलाय असं मी समजते. जंतू तसे प्रत्येक उघड्या जखमेत असतात. जखम ही काही बंद डबी नाही. कुठल्याही उघड्या जखमेचा स्वॅब, म्हणजे बोळ्यावर घेतलेला नमुना, तपासायला पाठवला तर रिपोर्टमध्ये कसलं ना कसलं नाव येणारच, आणि त्या नावाला घाबरून औषध सुरू करणं ही फार मोठी चूक आहे. संसर्ग आहे की नाही हे जखम आणि माणूस बघून ठरतं. स्वॅब घ्यायचा तो संसर्ग दिसतोय आणि अँटिबायोटिक कुठलं द्यायचं हे ठरवायचंय म्हणून. घेतानाही वरचा पू पुसून घेऊ नये. आधी जखम सलाइननं धुवावी, मग स्वच्छ मांसाचा एक चौरस सेंटिमीटरभर भाग निवडून त्यावर बोळा पाच सेकंद दाबत फिरवावा, म्हणजे आतला द्रव वर येतो. वरच्या पुवात काय वाढतंय हे कळून काही उपयोग नाही.

तर जंतुनाशकाची जागा कुठे? माझ्या मते अगदी अरुंद. जखम शांत असेल, भरत असेल, तर जंतुनाशक नको. संसर्ग जखमेपुरता असेल, काकांसारखा, तर हवं. आणि संसर्ग जखमेबाहेर पसरला असेल, म्हणजे लाली किंवा गरमपणा कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे गेलाय, पायावर लाल रेघ चढलीय, ताप आहे, थंडी वाजतेय, म्हातारं माणूस अचानक भांबावलंय, तर नुसत्या ड्रेसिंगवर विसंबणं धोक्याचं. तिथे पोटातून किंवा शिरेतून अँटिबायोटिक लागतंच, आणि ते डॉक्टरांनी ठरवायचं. जखम दिसायला लहान पण वेदना सहन होत नाही, कातडी जांभळी-काळी पडतेय, दाबलं की आत बुडबुडे फुटल्यासारखं कुरकुरतंय, असं असेल तर हे वाचणं सोडून तडक हॉस्पिटल गाठा. तिथे तासांचा हिशोब असतो.

काकांची जखम मी आधी धुतली. कोमट सलाइन, मोठी सिरिंज, अगदी जोरात नाही आणि अगदी थेंबथेंबही नाही. धुण्याला लोक औषध मानत नाहीत, म्हणून ते उरकून टाकतात. पण कुठल्याही बाटलीच्या आधी काम करतं ते धुणं. सलाइन नसेल तर पिण्याजोगं स्वच्छ नळाचं पाणीही चालतं. दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत पाण्यानं धुतलेल्या जखमा जास्त चिघळल्या असं दिसलेलं नाही. मग डॉक्टरांनी पायाच्या नाडीची आणि रक्तपुरवठ्याची तपासणी केली, तळाला बधिर करणारं जेल लावलं आणि क्युरेट नावाच्या खरवडायच्या हत्यारानं तो पिवळा थर खरवडून काढला. त्या थरात जंतू स्वतःभोवती चिकट पांघरूण विणून राहतात. त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि बरेच दिवस न भरलेल्या बहुतेक जखमांत ती असते. वरून औषध ओतलं तर पांघरुणाखालचे जंतू शाबूत राहतात. खरवडल्यावर ती पुन्हा विणायला जंतूंना एक ते तीन दिवस लागतात. जंतुनाशक लावायची खरी वेळ हीच, पांघरूण फाटलेलं असतानाची.

धुऊन-खरवडून झाल्यावर मी काकांच्या बाटल्यांकडे वळले.

पेरॉक्साइडची बाटली निम्मी संपलेली. काका ते रोज दोनदा ओतत होते. "फेस आला की मळ वर येतो," म्हणाले. तो फेस मलाही लहानपणी जादूसारखा वाटायचा. पण तो येतो कशानं? आपल्याच पेशींत आणि रक्तात कॅटॅलेज नावाचं विकर असतं. ते पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं, त्याचे ते बुडबुडे. जंतू मरतायत याची ती खूण नव्हे. स्वच्छ जखमेवर ओतलं तरी फेस येणारच. वर हे द्रावण कोवळ्या पेशींना भाजतं. काकांच्या जखमेच्या कडा पांढुरक्या होत्या त्या यामुळेच, असं मला वाटतं. कडेवरूनच नवी कातडी आत सरकत असते आणि आपण रोज दोनदा तिलाच पोळत होतो. खोल, अरुंद तोंडाच्या जखमेत तर पेरॉक्साइड कधीच भरू नये. अडकलेला ऑक्सिजन रक्तात शिरून जीवघेणी हवेची गुठळी झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. स्पिरिटचंही तेच. अखंड कातडीवर इंजेक्शनपूर्वी ठीक, उघड्या मांसावर नाही.

हे ज्ञान काही नवं नाही. पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग फ्रान्समध्ये सैनिकांच्या जखमांवर काम करत होते, पेनिसिलिनच्या बऱ्याच आधी. त्यांनी काचेची परीक्षानळी तापवून तिच्या भिंतीला पोकळ काटे ओढले. गोळ्यांनी फाटलेल्या मांसात जशा आडव्यातिडव्या फटी असतात तशा. त्यात जंतू असलेला द्रव भरला, ओतून टाकला, मग जंतुनाशक भरून ठेवलं, तेही ओतून टाकलं आणि पुन्हा निर्जंतुक द्रव भरला. काट्यांच्या टोकांत लपलेले जंतू पुन्हा वाढले. जंतुनाशक तिथवर पोचलंच नव्हतं. शिवाय त्यांना असंही दिसलं, की ही द्रावणं जंतूंच्या आधी आपल्या पांढऱ्या पेशींना मारतात, म्हणजे लढायला आलेल्या फौजेलाच. १९१९ साली त्यांनी हे सविस्तर मांडलं. मला ही काटेरी नळी फार आवडते. नव्या मुलींना शिकवताना मी ती फळ्यावर काढते, आणि मग "सिस्टर, नुसतं धुऊन-खरवडून काय होणार" हा प्रश्न पुन्हा येत नाही.

पोव्हिडोन आयोडिनची बाटली काकांनी अभिमानानं पुढे सरकवली. हे औषध मला आवडतं, आणि त्याच्यावर अन्यायही होतो. एकीकडे लोक ते पाण्यासारखं वापरतात, दुसरीकडे काही जण विष म्हणून हाकलतात. १० टक्के द्रावणात वापरायला उपलब्ध आयोडिन १ टक्का असतं. जंतूंचे बहुतेक प्रकार ते मारतं आणि त्याला दाद न देणारे जंतू सहसा घडत नाहीत. अँटिबायोटिकबद्दल आज असं म्हणवत नाही, म्हणून हा गुण मोठा. पण त्याला वेळ द्यावा लागतो. लावून लगेच पुसलं तर नुसता रंग लागतो. आणि पू, रक्त, मेलेलं मांस समोर आलं की आयोडिन त्यांच्यावरच खर्च होतं. तपकिरी रंग फिका पडला म्हणजे ते संपलं. थायरॉइडचा आजार, मूत्रपिंडं कमजोर, गरोदरपण, अंगावर पाजणारी आई, तान्हं बाळ, मोठ्या पसाऱ्याचा भाजलेला भाग, लिथियमच्या गोळ्या, यातलं काही असेल तर आयोडिनचा विचार डॉक्टरांना विचारूनच. आयोडिन जखमेतून अंगात शोषलं जातं हे फार जणांना ठाऊक नसतं.

काकांना थायरॉइड नव्हता, मूत्रपिंडं ठीक होती, जखमेतून पाणी भरपूर येत होतं आणि थोडा पिवळा थर अजून चिकटून होता. म्हणून मी आयोडिनच निवडलं, पण बाटलीतलं नव्हे, कॅडेक्झोमर आयोडिन. स्टार्चच्या बारीक मण्यांत ०.९ टक्के आयोडिन कोंडलेलं असतं. मणी जखमेतलं पाणी पितात, फुगतात आणि फुगता फुगता आयोडिन हळूहळू सोडतात. म्हणजे ओल शोषली जाते, सैल मळ मण्यांबरोबर निघतो आणि औषध एकदम न ओतता दोन-तीन दिवस झिरपत राहतं. लावताना गडद तपकिरी असतं. ड्रेसिंग उघडल्यावर पांढुरकं दिसलं की आयोडिन संपलं, बदला. कोरड्या जखमेवर याचा उपयोग नाही, कारण मणी प्यायचे काय? एका वेळी ५० ग्रॅम, आठवड्याला १५० ग्रॅम आणि सलग तीन महिने, याच्या वर जाऊ नये. काकांच्या जखमेला यातलं अगदी थोडंसं पुरलं. लावल्यावर पहिला तासभर चुरचुरेल हे आधी सांगितलं. सांगितलं नाही तर माणूस घरी जाऊन ड्रेसिंग सोडतो.

"मग चांदी? ती तर महाग आणि भारी असते ना?" काकांचा पुढचा प्रश्न.

चांदीबद्दल मला माझी चूक सांगायची आहे. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी आमच्याकडे नॅनोक्रिस्टलाइन, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या चांदीचं ड्रेसिंग नव्यानं आलं. ते लावण्याआधी ओलं करायचं असतं. मी सवयीनं सलाइनमध्ये बुडवत राहिले, कारण आम्ही सगळंच सलाइननं ओलं करायचो. तीन-चार महिने हे चाललं. एक दिवस आमच्या मोठ्या सिस्टरनी माझ्या हातातली बाटली बघितली आणि काही न बोलता पाकिटातला कागद उलगडून एका ओळीवर बोट ठेवलं: निर्जंतुक पाणी वापरा, सलाइन नको. सलाइनमध्ये मीठ, मिठात क्लोराइड, आणि क्लोराइड भेटलं की चांदी त्याच्याशी बांधली जाते आणि साक्यासारखी खाली बसते. शाळेत सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी टाकल्यावर दह्यासारखा पांढरा साका व्हायचा तो हाच. सुटी चांदी जंतू मारते, बांधलेली नाही. तितक्या महिन्यांत किती माणसांची ड्रेसिंगं मी अशी निम्मी निकामी करून लावली असतील याचा विचार आला की आजही वाईट वाटतं. सगळ्या चांदीच्या ड्रेसिंगना हा नियम लागू नाही. म्हणूनच पाकिटातला कागद दर वेळी वाचायचा, वीस वर्षं झाली तरी. आणखी एक: मेलेलं मांस विरघळवायला कोलॅजनेजचं मलम चालू असेल तर त्यासोबत चांदी किंवा आयोडिन लावू नका, त्या विकराचं काम थांबतं. क्लोरहेक्सिडिन साबणाच्या अंशानं मंदावतं, आणि कानाच्या आत किंवा डोळ्यात ते कधीच जाऊ नये.

चांदी संसर्गाच्या काळात उपयोगी आहे. पण जखम भरवायचं औषध म्हणून ती महिनोन्‌महिने लावण्याला आधार नाही. ब्रिटनमधल्या एका चाचणीत, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, शिरांच्या आजारानं झालेल्या पायांच्या जखमांवर २१३ जणांना चांदीची किंवा साधी न चिकटणारी ड्रेसिंगं लावली आणि सगळ्यांना दाबाची पट्टी बांधली. बारा आठवड्यांनी जखमा भरण्यात फरक दिसला नाही. माझा यातून काढलेला अर्थ असा, की अशा जखमेत खरं काम पट्टी करते. काकांच्या जखमेचं मूळही पायात साचणारं रक्त हेच होतं. रक्तपुरवठा चांगला आहे हे तपासून झाल्यावर आम्ही त्यांनाही दाबाची पट्टी सुरू केली. त्याविना कुठलीही बाटली हरली असती.

मधाच्या बाटलीबद्दल काका थोडे हट्टाला पेटले. मध जखमेवर चालतो, ही गोष्ट खरी आहे. तो पाणी ओढतो, आम्ल असतो, आणि पातळ होताना त्यातून अगदी बेताचं पेरॉक्साइडही सुटतं. पण जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. खायच्या मधात क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि उघड्या जखमेत ते नकोत. एवढं ऐकल्यावर त्यांनी ती बाटली पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली.

त्यांच्या ओळीत नसलेलं एक साधं औषध मला इथे सांगितलंच पाहिजे. ड्रेसिंग उघडल्यावर गॉजवर हिरवट डाग आणि गोडसर, उग्र वास आला तर तो बहुधा स्यूडोमोनस नावाचा जंतू. अशा वेळी १ टक्क्याच्या आसपासचं पातळ असेटिक आम्ल भिजवलेल्या गॉजनं काही मिनिटं ठेवावं. या जंतूला आम्ल सोसत नाही. ते तयार, मोजून बनवलेलं मागवा, घरी अंदाजानं मिसळू नका. थोडे दिवस, हिरवा रंग जाईपर्यंतच. आणि जिथे आयोडिन, चांदी दोन्ही नको असतात तिथे मी पॉलिहेक्सानाइड या जंतुनाशकाचं ०.१ टक्का द्रावण वापरते, पंधरा मिनिटं भिजवून. पेशींना ते सौम्य असतं. उघड्या कूर्चेवर मात्र नाही.

मधुमेही पायाच्या जखमेबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तिथेच सगळ्यात जास्त बाटल्या ओतल्या जातात. पायाला संवेदना नसते, म्हणून ठणका नसतो. खोल संसर्ग असूनही ताप नसू शकतो. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलंय, की जखम भरावी म्हणून जंतुनाशकं किंवा जंतुरोधक ड्रेसिंगं वापरू नयेत. तिथे मेलेलं मांस काढणं, पायावरचा भार हलवणं, रक्तपुरवठा बघणं हे आधी. तळाशी कडक लागलं, डॉक्टरांच्या तपासायच्या सळईला हाड टेकलं, तर हा ड्रेसिंगचा प्रश्नच राहत नाही.

काकांचं ड्रेसिंग बांधून झाल्यावर मी पट्टीवर मार्करनं दोन तारखा लिहिल्या. एक त्या दिवशीची आणि खाली चौदा दिवसांनंतरची. ही सवय मला चांदीच्या त्या चुकीनंतर लागली. २०१२ साली तज्ज्ञांनी चांदीच्या ड्रेसिंगसाठी दोन आठवड्यांची मुदत सुचवली: दोन आठवड्यांनी थांबून बघायचं, खुणा गेल्या तर बंद करायचं, सुधारलं पण अजून आहे तर कारण लिहून पुढे न्यायचं, काहीच फरक नसेल तर औषध बदलायचं आणि निदान पुन्हा तपासायचं. मी ते सगळ्याच जंतुनाशकांना लावते. सुरू करायचं सगळ्यांना आठवतं, थांबवायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि मग संसर्ग कधीच गेलेल्या जखमेवर आयोडिन महिनाभर नव्या पेशी मारत बसतं.

खालची तारीख बघून काका म्हणाले, "त्या दिवशी सुकेल?"

आपण जखम भरली याला "सुकली" म्हणतो, त्यामुळे ओल म्हणजे वाईट असं मनात बसलंय. १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर दाखवलं, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्यावर खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर चढते. पेशी ओलीतून सरकतात, खपलीखालून त्यांना वाट काढावी लागते. काकांना एवढंच म्हटलं, सुकणार नाही, पण ठणका गेला पाहिजे. तो आपला पहिला हिशोब.

चौथ्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर मणी पांढरे पडलेले, वास निम्मा. आठव्या दिवशी ते स्वतःहून म्हणाले, रात्रभर झोपलो. चौदाव्या दिवशी तळ लाल, दाणेदार, गॉज टेकवला तरी रक्त नाही, हाताच्या मागच्या बाजूला दोन्ही पाय सारखे लागले. मोजलं: ३.४ बाय २.५. मी सलाइननं धुऊन साधं न चिकटणारं ड्रेसिंग ठेवलं, वर फोम, त्यावर दाबाची पट्टी.

काका वाकून बघत होते. "औषध राहिलं, सिस्टर."

"आजपासून नाही," मी म्हटलं आणि या वेळी पट्टीवर एकच तारीख लिहिली.